दोन वीत उंच

जयपुरात मी राहतो त्या खोलीला छत आहे, पण छताला आकडा नाही. इथल्या जुन्या घरांचं छत दगडाच्या लांबलांब पट्ट्यांचं असतं. पंखासुद्धा भिंतीला लावलेला. एकदा मी घरमालकांना सहज विचारलं, आकडा ठोकू का, तर ते खुर्चीतनं उठलेच. "फौजी साहब, पट्टी तड़क गई तो ऊपरवाला नीचे आ जाएगा!" आमच्या वर देव नाही, पाण्याची टाकी आहे. म्हणजे तीच येणार.

फौजी साहब म्हणतात मला. मी दुरुस्त करत नाही. फौजेत होतो हे खरं, पण बंदूक शिकताना धरली तेवढीच. बाकी जन्मभर हातात डाव. मेसमध्ये आचारी होतो. शत्रूला जवान घाबरत नव्हते, माझ्या वरणाला घाबरायचे. शाळा चौथीपर्यंत, त्यात तिसरी दोनदा. मास्तर म्हणायचे हा पोरगा पुढं जाईल. गेलो, पार जयपूरपर्यंत आलो.

राहिलो इथंच, ते बायकोमुळं. आमच्या साताऱ्याकडचा पाऊस तिच्या छातीला सोसायचा नाही. दम लागायचा. जयपूरची कोरडी हवा तिला मानवली, म्हणून रिटायर झाल्यावर तिलक नगरात गच्चीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मग दमा राहिला बाजूला, ती दुसऱ्याच दुखण्यानं गेली. कोरडी हवा मला राहिली.

एकट्याचा स्वयंपाक मला येत नाही. हसू नका. सगळ्या मेसला जेवू घातलं, पण एका माणसाला डाळ किती टाकायची ते हाताला कळतच नाही. मूठभर घेतली तर लाज वाटते, आणखी एक मूठ टाकतो. मग भरलेलं पातेलं घेऊन मी जिन्यावरनं खाली-वर करतो, कुणी घेतं का बघतो. मालकांच्या घरात आता मी जिन्यावर दिसलो की दार हळूच लागतं.

तर तो झोका. आता झोका म्हणजे आपल्याकडचा पाटाचा नव्हे. कापडाची लांब झोळी असते, माणूस आत आडवा पडतो, आणि ती टांगायला लोखंडी पायपांचा स्टँड असतो. खाली आडवा पाया, दोन्ही टोकांना तिरके वर गेलेले दोन दांडे, दांड्यांच्या शेंड्याला आकडे. मुलीनं आणि जावईबापूंनी पुण्यातनं मोबाईलवर मागवून मला पाठवला. "पप्पा, गच्चीवर मस्त पडून राहा," मुलगी म्हणाली. मी पडलो. कापड ताणलं, ताणलं, आणि माझी बैठक फरशीला टेकली. दोन्ही बाजूनं कापड, खाली फरशी. पडून राहिलो, कारण उठता येईना. शेवटी कुशीवर लोळून मेथीच्या जुडीसारखा बाहेर पडलो. गच्चीच्या कठड्यावर दोन माकडं बसली होती. त्यांनी सगळं बघितलं. त्या दिवसापासनं स्टँड कोपऱ्यात.

मग मुलीचा फोन आला. सातवा लागला होता. मला आधी माहीत होतं, पण ती बोलली दुसरंच.

"पप्पा, बाळंतपण कुठं करायचं? मतलब, सासूबाई विचारतायत."

पहिलं बाळंतपण माहेरी. हे आमच्यात काय विचारायचं असतं? पण माहेर म्हणजे आई. इथं आई नाही. इथं मी, आणि एक पातेलं.

मी म्हणलं, "इथं कर. मी आहे की."

"तुम्ही काय करणार पप्पा?"

"डिंकाचे लाडू करीन. शेपूची भाजी करीन. खिरी करीन. दवाखाना मालवीय नगरात आहे, दहा मिनिटं. आणखी काय लागतं?"

ती हसली. पण हसल्यावर थांबली. म्हणाली, "आणि बाळाला कुठं झोपवायचं?"

मी म्हणलं, "झोळीत."

हे तोंडातनं निघालं आणि माझंच मला बरं वाटलं. कारण ही पोरगी स्वतः झोळीतली. आमच्या क्वार्टरात पाळणा कुठला? बायको दोन लोखंडी खाटा उभ्या करायची, त्यांच्या मध्ये स्वतःचं जुनं नऊवारी लुगडं बांधायची आणि पोरीला त्यात टाकायची. पायाच्या अंगठ्याला दोरी. इकडं ती भाकरी थापायची, तिकडं अंगठा हलायचा. ते लुगडं माझ्याकडं होतं, हिरवं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. लोखंडी खाटा मात्र सरकारच्या होत्या, सरकारजमा झाल्या. आता माझ्याकडं प्लायवूडचा दिवाण. तो उभा केला तर उभा राहत नाही.

मग माझी नजर कोपऱ्यातल्या स्टँडवर गेली.

लुगडं बांधून बघितलं. आत उशी ठेवली. उशीसुद्धा फरशीला टेकली, म्हणजे दोष माझ्या बैठकीचा नव्हता, हा एक आनंद. पण अडचण मोठी. बाळंतिणीनं वाकायचं नसतं. कंबर धरते, ती जन्मभर सोडत नाही. बायकोनं मला हे इतक्या वेळा ऐकवलं होतं, कारण तिच्या बाळंतपणात मी रजेवर आलो आणि तिसऱ्या दिवशी तिलाच चहा मागितला. तर मुलीला उभ्याउभ्या बाळ घेता आलं पाहिजे. म्हणजे स्टँड उंच पाहिजे. मी उभा राहून हात खाली सोडला, अंदाज घेतला. दोन वीत.

स्टँड नटबोल्टचा होता, उघडून ई-रिक्षात घातला आणि राजा पार्कच्या मागच्या गल्लीतल्या वेल्डरकडे नेला. तोंडात गुटखा, डोळ्यावर चष्मा, त्या चष्म्याची एक काच फुटलेली. मी म्हणलं, दोन्ही दांड्यांना खालनं पाईपचा तुकडा जोडा, दोन बालिश्त. बालिश्त म्हणजे वीत. माझ्याकडं टेप नव्हती. मेसमध्ये सगळं मुठीनं आणि वितीनं चालायचं. कणीक मुठीनं, लाकडं वितीनं.

"कितना?" त्यानं विचारलं.

मी पाईपवर हात पसरला, अंगठ्यापासनं करंगळीपर्यंत, दोनदा. त्यानं खडूनं खूण केली. तेवढ्यात मुलीचा फोन. मी गल्लीत जाऊन बोलत बसलो. डॉक्टरनं गोळी बदलली होती, पाय सुजत होते. मी आत आलो तेव्हा दुसरा तुकडाही कापून झाला होता, वेल्ड झाला होता, वर काळा रंगसुद्धा फासला होता. काम फटाफट. मी खूश.

घरी आणून जोडला आणि लांबनं बघितला. मान वाकडी करून बघितला. मग स्वतः वाकडा होऊन बघितला. स्टँड एका अंगानं उंच होता.

झालं असं की पहिला दांडा माझ्या वितीनं मापला आणि दुसरा त्यानं त्याच्या वितीनं. मी गेलो बुटका, माझा हात म्हणजे लहान पोराचा. त्याचा पंजा म्हणजे सुपडं. झोळीत उशी ठेवली तर ती घसरून माझ्या बाजूला येऊन बसली. बाळ ठेवलं असतं तर सकाळी डोकं एका टोकाला आणि बाकीचं बाळही त्याच टोकाला.

परत ई-रिक्षा. वेल्डर म्हणाला, "आपने ही तो बोला था दो बालिश्त."

मी म्हणलं, "मेरी बालिश्त."

"तो हाथ छोड़के जाते ना इधर!"

दुकानातली सगळी हसली, मीही हसलो. पण एक सांगतो, त्याच्या वितीनं ठेव म्हणून मीच सांगितलं. उंच बाजूएवढा दुसरा दांडा करून घेतला. म्हणजे जवळजवळ तीन विती झाल्या, माझ्या हिशेबानं. मुलीला अजिबातच वाकायला नको. उंची वाढली तशी माझी अक्कल त्याच प्रमाणात कमी झाली, हे नंतर कळलं.

आता सासरच्यांना दाखवायचं होतं. विहीणबाई चांगल्या आहेत, वाईट शब्द नाही त्यांच्या तोंडात, पण त्यांचा प्रश्न सरळ होता. एकटा पुरुष, तोही म्हातारा, बाळंतिणीचं कसं करणार? मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही व्हिडिओवर सगळं दाखवा. मतलब, त्यांना विश्वास बसेल."

मी खोली झाडली. दोनदा पुसली. पडदा धुतला. दिवाणावर नवी चादर. डिंक, खारीक, खोबरं ताटात मांडून ठेवलं, दुकान थाटल्यासारखं. पांढरा शर्ट घातला. मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. तिकडनं मुलगी, जावईबापू आणि विहीणबाई, तिघं एका चौकटीत.

मी सगळं दाखवलं. नळाला गरम पाणी येतं ते दाखवलं. खिडकीला जाळी आहे, माकडं आत येत नाहीत, ते दाखवलं. विहीणबाई मान डोलवत होत्या. "छान ठेवलंय हो भाऊ," म्हणाल्या. मुलीचा चेहरा उजळला होता. तो मी बघितला. आणि मग माझ्यातला आचारी जागा झाला. पानात सगळं वाढून झालं तरी वर तुपाची धार सोडल्याशिवाय त्याला राहवत नाही.

"आता झोळी बघा," मी म्हणलं. "किती मजबूत आहे बघा."

बाळाच्या वजनाची वस्तू ठेवायची अक्कल होती मला. उशी होती, भोपळा होता. पण मला मजबुती दाखवायची होती. मी आट्याचं पोतं आणलं. उघडं. लुगड्यात ठेवलं, नीट बसलं, कुठं टेकलं नाही. विहीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, उंची चांगली केलीत की." मला आणखी चेव आला. मी झोका दिला. चांगला जोरात दिला, पाळण्याच्या गाण्याची पहिली ओळसुद्धा म्हणायला तोंड उघडलं.

दांडे तीन विती वाढवले होते, खालचा पाया तेवढाच होता. एवढी साधी गोष्ट. लांब दांड्याच्या टोकाला वजन हललं की पाया उचलतो. स्टँड सावकाश कलला, एखाद्या माणसाला चक्कर यावी तसा. मी मध्ये गेलो धरायला. पोतं माझ्या छातीवर, स्टँडचा दांडा कपाळावर, आणि उघडं तोंड आट्यानं भरलेलं.

पिठाची धूळ खाली बसली. मग जावईबापू खोकल्यासारखं करून हसले. विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या, अगदी डोळ्यात पाणी येईपर्यंत. मीही हसलो, दात तेवढे पिठात मिसळून गेले असतील. मी म्हणलं, "बघा, बाळाला काही झालं नाही!" आणि पोतं उचलून दाखवलं.

त्यावर कुणी हसलं नाही. मुलगी तर आधीपासनंच हसली नव्हती. ती त्या आडव्या पडलेल्या लुगड्याकडं बघत होती.

"भाऊ, लागलं का हो?" विहीणबाईंनी विचारलं. आता आवाज वेगळा होता.

"छे छे."

"बर्फ लावा."

"लावतो."

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. बराच वेळ ती टेंगळाचीच चौकशी करत राहिली. मला कळलं होतं. पोरीला बोलायचा त्रास नको म्हणून मीच म्हणलं, "अगं, मी काय म्हणतो, इथं उन्हाळा लई कडक. तिकडंच कर."

"हो ना पप्पा," ती पटकन म्हणाली. "मी पण तेच... मतलब, सासूबाई आहेत इथं, मावशी आहेत. तुम्हाला पण त्रास."

"तेच तर."

"तुम्ही बारशाला या."

"येतो की."

फोन ठेवला आणि मी खारीक-खोबरं डब्यात भरायला घेतलं. डबे कमी पडले. मी तेही मेसच्या मापानं आणलं होतं.

पुढं मला काही काम नव्हतं. म्हणून मी स्टँड परत वेल्डरकडे नेला. कुणासाठी म्हणाल तर मलाही सांगता आलं नसतं. या वेळी पायाला दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या लावून घेतल्या, बगळ्याच्या पायाला बदकाचे पंजे. वेल्डरनं विचारलं, "बाबूजी, घर में बच्चा आ रहा है?"

मी म्हणलं, "हाँ, रास्ते में है." खोटं नव्हतं. रस्ता फक्त दुसरा होता.

घरी मी त्यात पोतं ठेवून झोका दिला, तोंड बांधलेलं पोतं. मग मोठं पोतं. मग मी स्वतः बसलो. हलला नाही. टेकलो नाही. गच्चीवर बसून मी बराच वेळ झोके घेतले, आणि बघायला माकडंसुद्धा नव्हती.

नातू झाला. फोनवर दिसला, लाल, चिडलेला, अगदी माझ्या सुभेदारासारखा. बारशाला निघताना मी एक शहाणपणा केला. लुगडं पिशवीत घेतलंच होतं, मग वाटलं, नुसतं लुगडं नेऊन काय? पुण्यातल्या फ्लॅटात आकडा असेल कशावरनं? मी स्टँड उघडला, पायपा घोंगडीत गुंडाळून फौजी बिस्तरबंदात बांधल्या आणि गाडीला नेल्या. हमाल म्हणाला, "बाबूजी, तोप है क्या?" म्हणलं, "रिटायर तोप है." रात्रभर लोकांचे पाय त्याला लागले आणि त्यांनी मला शिव्या दिल्या. मी प्रत्येकाला सॉरी म्हणलं.

पुण्यात हॉलमध्ये लाकडी पाळणा होता. कोरीव, मोर काढलेला, झेंडूच्या माळा सोडलेल्या. मी दारात बिस्तरबंद घेऊन उभा. जावईबापूंनी तो हातातनं घेतला आणि वजनानं वाकले.

"पप्पा, हे काय आणलंत?"

"काही नाही. थोडं सामान."

बारसं थाटात झालं. बायकांनी गाणी म्हणली. मी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी बाळाला घेऊन बसली होती तेव्हा मी बाल्कनीत स्टँड जोडला, लुगडं बांधलं आणि तिला बोलावलं.

"आता पडत नाही," मी म्हणलं. "मी स्वतः बसून बघितलंय. एकदा घालू का त्याला?"

तिनं लुगड्यावरनं हात फिरवला. काठावर बराच वेळ फिरवला. मग म्हणाली, "पप्पा, डॉक्टर नको म्हणालेत. मतलब, बाळाची पाठ सपाट जागेवर पाहिजे. झोळीत मान वाकते, श्वास अडकू शकतो."

"हो का?"

"आता तसं सांगतात."

"मग नको," मी म्हणलं. "डॉक्टर म्हणतात तर नकोच. तू झोळीतली, बघ, तुझं काय झालं."

"काय झालं?"

"माझ्यासारखी दिसतेस."

ती हसली आणि मग तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, बाळासकट. थोडाच वेळ, कारण बाळ रडायला लागलं आणि ती आत गेली. मी लुगडं सोडून घडी घातली.

संध्याकाळी बाल्कनीत गेलो तर विहीणबाईंनी स्टँडच्या दोन आकड्यांमध्ये दोरी बांधली होती आणि तिच्यावर लंगोट, टोपडी, झबली ओळीनं वाळत घातली होती. मला बघून त्या ओशाळल्या.

"भाऊ, रागावू नका हं. पावसाळी हवा, काही वाळत नाही. आणि याची उंची इतकी बरोबर आहे हो, मला वाकायलाच लागत नाही."

मी म्हणलं, "विहीणबाई, त्यासाठीच तर केली उंची." आणि बादलीत राहिलेले लंगोट मीच पिळून टाकले.

स्टँड तिथंच ठेवून आलो. जिन्यात मालक भेटले. "फौजी साहब, आपका झूला कहाँ गया?"

"पुणे में नौकरी लग गई उसकी."

"अच्छा! कौन से महकमे में?"

"धुलाई में."

ते इतके हसले की त्यांच्या घरातनं मंडळी बाहेर आली काय झालं बघायला. मी आणखी थोडं बोलत उभा राहिलो असतो, पण त्यांना आतनं चहाला हाक आली.

पोचल्याचा फोन करायचा राहिला होता, तर मुलीचाच आला.

"पप्पा, ऐका ना. तो स्टँड सगळ्यांना आवडलाय. शेजारच्या काकूंना तसाच पाहिजे, मतलब, एवढ्याच उंचीचा. तुमचा वेल्डर करून देईल का?"

"देईल की," मी म्हणलं. "पण मला आता ओझं घेऊन गाडीत चढवत नाही. न्यायला कुणीतरी यायला लागेल."

मागं बाळ कुरकुरत होतं, ते ऐकू येत होतं.

"दिवाळीनंतर बघते पप्पा," ती म्हणाली. "याचे डोस झाले की. नक्की नाही सांगत."

"घाई नाही. सावकाश या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वेल्डरकडे गेलो. नवीन पाईप घेऊन अख्खा स्टँड करायला सांगितला, पंज्यांसकट. या वेळी त्यानं मला फोनला जाऊ दिलं नाही, माझा हात पाईपवर दाबून धरला आणि वर स्वतःचा ठेवला. दिवाळी येऊन गेली. स्टँड गच्चीवरच्या खोलीत उभा आहे, वर प्लॅस्टिक घातलंय. माझे कपडे मी कठड्यावर वाळत घालतो.